उघड्या विहिरी आणि शेततळी सुरक्षित कशी करावीत: गावासाठी सविस्तर मार्गदर्शक

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड, सिन्नर या तालुक्यांत बिबट्या आता केवळ डोंगरातला प्राणी राहिलेला नाही. कुकडी आणि इतर प्रकल्पांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात लपायला जागा मिळाली, आणि वस्त्यांभोवतीची कुत्री, डुकरे व शेळ्या हे त्याचे भक्ष्य झाले. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेतीच्या व दाट लोकवस्तीच्या भागातही दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तरसांची संख्याही जवळपास तेवढीच होती. हे प्राणी रात्री ज्या बांधांवरून फिरतात, त्याच बांधांना लागून आपल्या विहिरी असतात आणि त्यांतल्या कितीतरी विहिरींचे तोंड जमिनीच्या पातळीलाच उघडे असते.

बिबट्या पडला की बातमी होते. कोल्हा, खोकड, उदमांजर, सायाळ, मुंगूस, घोरपड, धामण यांची होत नाही. पाण्याला वास येऊ लागला की मालक गळ टाकून काढतो आणि विषय संपतो. त्याच विहिरीत गाय पडते, वासरू पडते आणि कधी खेळता खेळता मूलही पडते. म्हणून हे काम ‘बिबट्यासाठी’ आहे असे ग्रामसभेत मांडू नये. बिबट्याबद्दल गावाच्या मनात भीती आणि राग दोन्ही असतात, आणि ते रास्त आहेत. विहीर बांधून घेणे हे माणूस, जनावर आणि रानातला जीव या तिघांसाठी एकाच खर्चात होणारे काम आहे, आणि तसेच ते मांडावे.

पहिली पायरी: विहिरींची पाहणी

पाहणीसाठी फाल्गुन-चैत्राचा काळ सर्वांत चांगला. गवत वाळलेले असते, काठ स्पष्ट दिसतो, पाणी खाली गेल्यामुळे आतले बांधकाम, कपारी आणि ढासळलेला भाग नजरेस पडतो, आणि पावसाळ्यापूर्वी बांधकामाला दोन-तीन महिने मिळतात. सातबाऱ्यावरच्या विहिरींच्या नोंदी तलाठ्याकडून घ्याव्यात, पण त्यांवर विसंबू नये. पडीक विहिरी, सामायिक विहिरी, वाटणीत कोणाच्याच वाट्याला न आलेले जुने आड आणि गावठाणाबाहेरच्या बारवा कागदावर सापडतीलच असे नाही. जुन्या गुराख्यांना, मेंढपाळांना आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांना त्या नेमक्या ठाऊक असतात.

प्रत्येक विहिरीसाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर गट क्रमांक, मालकाचे नाव, तोंडाचा व्यास, अंदाजे खोली, काठाची स्थिती, कठडा असल्यास बाहेरच्या जमिनीपासूनची त्याची उंची, आत उतरायला पायऱ्या आहेत की नाही, आणि यापूर्वी तेथे काय पडले होते याची नोंद करावी. शेवटचा प्रश्न मालकाला एकट्याला न विचारता शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनाही विचारावा, कारण पाण्याला आणि धुण्याला त्याच तेथे रोज जात असतात.

कठड्याची उंची मोजताना एक गोष्ट हमखास निसटते. विहिरीतला गाळ काढला की तो कठड्याला लागूनच टाकला जातो. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा ढीग बसतो, त्यावर गवत उगवते, आणि चार फुटांचा कठडा त्या बाजूने जेमतेम दीड फुटाचा उरतो. कुत्र्यामागे धावणारा बिबट्या याच उतारावरून थेट आत जातो. अशा विहिरीला नव्या बांधकामाची गरज नसते. ढीग हलवला की काम झाले. म्हणूनच उंची आतून न मोजता बाहेरून आणि चारही बाजूंनी मोजावी.

दुसरी पायरी: कोणती विहीर आधी

सगळ्या विहिरी एका वर्षात बांधून होत नाहीत, त्यामुळे क्रम ठरवावा लागतो. माझ्या मते सर्वांत आधी त्या विहिरी घ्याव्यात ज्यांचे तोंड जमिनीच्या पातळीला आहे आणि ज्या उसाच्या फडाला, ओढ्याला किंवा मुलांच्या शाळेच्या वाटेला लागून आहेत. त्यानंतर पूर्वी प्राणी पडलेल्या विहिरी, आणि मग पडीक विहिरी. पडीक विहिरीला मालक खर्च करायला तयार नसतो, म्हणून ती नेहमी शेवटी ढकलली जाते. पण तिच्या तोंडावर घाणेरी आणि वेडी बाभूळ माजून खड्डाच दिसेनासा होतो, आणि आत पडलेला प्राणी कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. जी विहीर पुन्हा कधीच वापरात येणार नाही, ती मालकाच्या लेखी संमतीने मुरूम-दगडाने बुजवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बंद पडलेल्या बोअरवेलचीही याच फेरीत नोंद घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार बोअरचे तोंड पोलादी झाकणाने बंद करणे, केसिंगभोवती सिमेंट काँक्रीटचा ओटा करणे आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड यांनी भरून घेणे आवश्यक आहे. हे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी पायरी: ग्रामसभा, संमती आणि पैसा

विहीर खासगी असते, त्यामुळे मालकाच्या संमतीशिवाय ग्रामपंचायतीला तिला हात लावता येत नाही. मालकांच्या शंका साधारण सारख्याच असतात: मोटार काढता येईल का, गाळ काढायला क्रेन लागेल का, आणि कठडा बांधला म्हणून विहिरीवर दुसऱ्या कोणाचा हक्क तर येणार नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच द्यावीत. तिसऱ्यासाठी संमतिपत्रात एक साधे वाक्य लिहावे, की या कामामुळे मालकी, वाटा किंवा पाण्याची पाळी यांत कोणताही बदल होत नाही. सामायिक विहिरीत सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. एकाची राहिली तरी पुढे तेच भांडणाचे कारण होते.

ठराव करताना विहिरींची यादी क्रमासह जोडावी आणि तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावा, म्हणजे वित्त आयोगाच्या निधीतून मागणी करता येते. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि विहिरींना कठडे किंवा जाळ्या बसवण्यासाठी त्या वर्षी तरतूद आहे का, हे लेखी विचारावे. गीरच्या सिंहांच्या परिसरात गुजरातच्या वनविभागाने हजारो उघड्या विहिरींना कठडे बांधून घेतले आहेत, त्यामुळे ही मागणी काही जगावेगळी नाही. साखर कारखान्यांकडेही जावे, कारण उसाच्या फडातल्या विहिरी त्यांच्याच सभासदांच्या असतात आणि तोडणीला येणारी माणसेही त्याच बांधांवर राहतात. अनुदानातून नवी विहीर मंजूर होत असेल, तर तिच्या अंदाजपत्रकात कठडा धरला आहे का आणि शेवटचे बिल निघण्यापूर्वी तो प्रत्यक्ष बांधला आहे का, हे ग्रामसभेने पाहावे. नव्या विहिरी अशाच उघड्या राहत गेल्या तर जुन्या बांधून काही उपयोग नाही.

चौथी पायरी: कठडा

मोठ्या तोंडाच्या विहिरीला कठडा हाच खरा उपाय आहे. तो अगदी काठावर बांधू नये. मुरमाचा काठ पावसाळ्यात सुटतो आणि कठड्यासकट आत जातो, म्हणून काठापासून किमान दोन फूट मागे, कठीण जमीन लागेपर्यंत पाया घ्यावा. उंची बाहेरच्या जमिनीपासून किमान चार फूट ठेवावी. बिबट्या ठरवले तर चार फूट सहज उडी मारतो, मग उपयोग काय, असे कोणीतरी नक्की विचारेल. त्याचे उत्तर असे, की बिबट्या विहिरीत उडी मारत नाही. भक्ष्याचा पाठलाग करताना किंवा अंधारात गवतातून चालताना त्याला खड्डा दिसत नाही म्हणून तो पडतो. समोर भिंत दिसली की तो वळतो. कठड्याचे पहिले काम खड्डा आहे हे दाखवणे, आणि दुसरे, धावत्या प्राण्याला थांबवणे.

खर्चाचा अंदाज मालकासमोरच काढावा. समजा विहिरीचा व्यास २४ फूट आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडले की कठड्याचा आतला व्यास २८ फूट होतो आणि घेर सुमारे ८८ फूट भरतो. चार फूट उंच आणि सव्वा फूट जाड भिंतीला ४४० घनफूट, आणि दीड फूट रुंद व एक फूट खोल पायाला १३२ घनफूट बांधकाम लागते. म्हणजे एकूण सुमारे पावणेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). यापुढे दगड, सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांचे गावातले दर लावले की आकडा समोर येतो. विहीर खोदताना निघालेले डबर बहुतेक ठिकाणी बांधावरच पडलेले असते, आणि ते वापरले तर खर्च बराच खाली येतो. कोकणात चिरा सोयीचा पडतो. नुसते दगडावर दगड रचून केलेला कठडा मात्र टाळावा. त्याचे दगड सुटतात आणि आत पडलेल्या प्राण्यावर किंवा गाळ काढणाऱ्या माणसावर कोसळतात.

भिंतीत खालच्या बाजूला मोठी भोके ठेवू नयेत, नाहीतर मुंगूस, खोकड आणि सापांना त्यातून वाट मिळते. पाइप आणि केबल जाण्यापुरतीच जागा ठेवून उरलेली फट बुजवावी. मोटारीच्या बाजूला कडीचे लोखंडी फाटक बसवावे, आणि ते आत न उघडता बाहेर उघडेल असे असावे. भिंतीचा खर्च लगेच झेपणार नसेल, तर सहा-सहा फुटांवर खांब रोवून घट्ट विणीची जाळी ताणता येते. वरच्या विहिरीला असे १५ खांब लागतील. जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडावा. बाभळीच्या काट्यांचे कुंपण हा केवळ पहिल्या पावसापर्यंतचा उपाय आहे आणि तो तेवढ्यापुरताच समजावा.

वरून पूर्ण जाळी टाकण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. आठ-दहा फुटांच्या अरुंद आडाला ती उत्तम. पंचवीस-तीस फुटांच्या विहिरीवर मात्र आधाराशिवाय जाळी मधोमध झोळ खाते, त्यावर पालापाचोळा साचून ती जमिनीसारखी दिसू लागते, आणि माणूससुद्धा फसू शकतो. शिवाय विहीर हे पाखरांचेही घर असते. आतल्या कपारीत पारवे राहतात, आणि काठच्या बाभळीच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरण आपली घरटी मुद्दाम टांगते, कारण तेथे शत्रू सहज पोहोचत नाही. पावसाळ्यात त्या घरट्यांत अंडी-पिल्ले असतात. फांद्या तोडायच्याच असतील तर वीण संपल्यावर, दिवाळीनंतर तोडाव्यात, आणि कठडा पुरेसा असेल तर तोडूच नयेत.

पाचवी पायरी: पडल्यावर वर येण्याची वाट

प्राणी पाण्यात पडल्याबरोबर मरत नाही. बिबट्यासह बहुतेक प्राणी पोहतात. पण टेकायला काही नसेल तर दमून बुडतात. म्हणून विहिरीत पाण्याच्या पातळीला आधार हवा. जाड ओंडका दोन्ही टोकांना साखळीने बांधून, पाणी खाली-वर झाले तरी तरंगत राहील अशा बेताने सोडावा. लहान प्राण्यांसाठी काथ्याच्या दोराची जाळी काठापासून तळापर्यंत सोडता येते. जुन्या पायऱ्यांची विहीर असेल तर त्या पायऱ्यांवरचा गाळ दरवर्षी काढावा, कारण तीच सर्वांत चांगली सुटकेची वाट आहे.

शेततळ्याचा धोका याहून मोठा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यभर शेततळी झाली. त्यांतले मोठे माप ३० बाय ३० मीटर आणि खोली तीन मीटर. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर ना खूर टिकतो, ना पंजा, ना माणसाचा पाय. हरीण, कोल्हा, कुत्रा किंवा मूल, जो उतरला तो घसरत राहतो. चारही बाजूंना, आणि बाजू लांब असेल तर मध्येही, काठावर पक्क्या रोवलेल्या खुंट्यांना गाठींचे जाड दोर किंवा जुन्या टायरांची साखळी बांधून ती तळापर्यंत सोडावी. टायरांमुळे अस्तर फाटू नये म्हणून खाली जुन्या अस्तराची किंवा पोत्यांची पट्टी घालावी. भोवती जाळीचे कुंपण करून त्याच्या तळाशी दीड फुटापर्यंत बारीक जाळी किंवा शेडनेट लावावे. कुंपण आणि सुटकेचे दोर ही दोन्ही कामे हवीत, कारण कुंपण कधीतरी तुटतेच.

प्राणी तळ्याकडे येतात ते उन्हाळ्यात पाण्यासाठी. वस्तीपासून दूर, ओढ्याच्या किंवा वनहद्दीच्या बाजूला, तिरक्या काठाचा उथळ पाणवठा केला तर त्यांची तळ्याकडची फेरी कमी होते. वस्तीजवळ पाणवठा करणे मात्र टाळावे. पाण्यावर कोल्हा आला की मागून बिबट्याही येतो.

सहावी पायरी: प्राणी पडलाच तर

विहिरीत बिबट्या दिसला की अर्ध्या तासात गाव गोळा होते, आणि पुढचे बहुतेक अपघात त्या गर्दीमुळे होतात. लोकांच्या ढकलाढकलीत काठ ढासळतो, ओरड्याने घाबरलेला प्राणी आधार सोडून पुन्हा पाण्यात पडतो, आणि वर आला तर गर्दीतल्या कोणावर तरी झेपावतो. म्हणून या प्रसंगाची जबाबदारी आधीच वाटून ठेवावी. एकाने वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर आणि वनरक्षकाला फोन करावा. एकाने स्टार्टर बंद करून मुख्य वीजपुरवठा तोडावा, कारण पंपाची केबल ओरबाडली गेली तर पाण्यात वीज उतरते. पोलीस पाटलाने लोकांना किमान शंभर पावले मागे न्यावे आणि उसाच्या किंवा डोंगराच्या दिशेची एक बाजू पूर्ण मोकळी ठेवावी, म्हणजे सुटलेल्या प्राण्याला जायला वाट राहते.

वनविभागाचे पथक येईपर्यंत गावाने करण्यासारखे एकच काम आहे: प्राण्याला टेकू देणे. चार कोपऱ्यांना चार सोलदोर बांधलेली खाट पाण्याच्या पातळीपर्यंत सावकाश सोडावी आणि दोर झाडाला किंवा ट्रॅक्टरला बांधून ठेवावेत. दोन-तीन माणसांनीच, कमरेला दोर बांधून, न बोलता हे करावे. प्राणी खाटेवर बसला की तेथून निघून यावे. बिबट्यासाठी शिडी सोडू नये. ती केव्हा आणि कोणत्या बाजूला सोडायची, की पिंजरा उतरवायचा, हे पथकच ठरवील. पाण्यातल्या प्राण्याला बेशुद्ध करता येत नाही, कारण गुंगी येताच तो बुडतो. तेव्हा ‘इंजेक्शन का मारत नाही’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नये. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि त्याला दगड मारणे किंवा स्वतः पकडण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. कोल्हा, खोकड, उदमांजर यांच्यासाठी मात्र आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी तिरकी सोडून रात्रभर तेथे कोणी न जाणे, एवढे बहुधा पुरते. सापासाठी प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे आणि तशी खबर वनविभागाला द्यावी.

कोणत्याही प्राण्यासाठी माणसाने स्वतः विहिरीत उतरू नये. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, आणि असे करत पाच जणांनी प्राण गमावले. स्लरी, कचरा किंवा कुजका पाला असलेल्या बंदिस्त विहिरीत विषारी वायू साचतो आणि प्राणवायू कमी होतो. पहिला माणूस बेशुद्ध पडला की मागून उतरणाऱ्याचेही तेच होते. अशा वेळी अग्निशमन दलाला किंवा ११२ ला फोन करावा आणि लोकांना काठावर अडवून धरावे, मग आत कोणीही असो.

कोणाला नख किंवा दात लागला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. पिसाळरोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार उरत नाही. म्हणून जखम लहान आहे, घरी हळद लावू, असे म्हणून दिवस घालवू नये.

सातवी पायरी: दरवर्षीची फेरी

पाहणीची वही ग्रामपंचायतीत ठेवावी, पण तिची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सचिव हा त्यासाठी योग्य माणूस आहे. समिती केवळ कागदावर असेल तर शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने किंवा तरुण मंडळाने ती घ्यावी. वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. पहिली ऊसतोडणी सुरू होण्याआधी, कारण फड तुटू लागले की त्यात राहिलेले प्राणी निवाऱ्यासाठी सैरावैरा फिरतात. आणि दुसरी मार्चमध्ये. फेरीत गाळाचे ढीग, तुटलेली फाटके, सडलेले दोर आणि ढासळलेले काठ पाहावेत, आणि प्रत्येक विहिरीच्या पानावर तारीख घालून सही करावी. खाट, सोलदोर, विजेऱ्या आणि पट्ट्यांची फळी एकाच जागी, शक्यतो ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या गोदामात ठेवावी, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे वहीच्या पहिल्या पानावर १९२६ आणि वनरक्षकाच्या क्रमांकाशेजारी लिहावे. वनरक्षकाची बदली झाली की तो क्रमांक त्याच आठवड्यात बदलून घ्यावा.